गाडी कुणाची, रस्ता आपला

आमच्या चिंचणी गावात कुणी गाडी घ्यायला निघालं की किमतीच्या आधी एक प्रश्न येतो: देशी घेणार की विदेशी? आमच्या घरात काही दिवस हाच प्रश्न रोज जेवायला बसत होता. एका बाजूला माझा धाकटा भाऊ. तारापूरच्या अणुवीज केंद्रात त्याची सगळी नोकरी झाली. दुसऱ्या बाजूला माझी मुलगी. ती चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गाडी माझ्या नावावर होणार होती आणि पैसेही माझेच होते, त्यामुळे दोघांचं ऐकून घेणं मला भाग होतं. ऐकता ऐकता वाटलं की हा वाद आमच्या घरापुरता नाही. बोईसरपासून डहाणूपर्यंत कितीतरी घरांत तो चालू असणार. म्हणून लिहिते आहे.

मामा : ताई, टाटा घे नाहीतर महिंद्रा घे. तिसरं नाव काढू नको. आपला पैसा आपल्याकडे राहिला पाहिजे.

भाची : मामा, पैसा आपल्याकडे राहतो म्हणजे काय होतं ते नीट सांग ना. चाकणला देशी कंपन्यांचे कारखाने आहेत तसा फोक्सवॅगनचाही आहे. आमच्यासारखे सुटे भागवाले दोघांनाही माल देतात. माझ्या पगारातला देशी भाग कुठला आणि विदेशी कुठला?

मामा : पगार राहतो गं, नफा राहत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईने आपल्या शेअर बाजारातून २७,८७० कोटी रुपये उचलले. ते सगळे कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेले. इथल्या कारखान्यात त्यातलं काही आलं नाही. मारुती दर वर्षी सुझुकीला रॉयल्टी देते. हे पैसे कुणाचे? तुझ्या आईसारख्यांचेच ना?

भाची : खरं आहे. पण जनरल मोटर्सने कुलूप लावलेला तळेगावचा कारखाना त्याच ह्युंदाईने घेतला, हेही खरं आहे. २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या निघायला लागल्या. फोक्सवॅगनची व्हर्टस चाकणला बनते आणि मेक्सिकोला जाते. मारुतीची फ्रॉन्क्स ऑगस्ट २०२४ पासून गुजरातेतून थेट जपानला जाते. जपानी माणूस भारतात बनलेली गाडी चालवतो, आणि आपण तिला विदेशी म्हणतो.

मी : सरकार काय म्हणतं?

भाची : सरकार बिल्ला बघतच नाही. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठीवर ४० टक्के. पेट्रोलला १२०० सीसीची मर्यादा, डिझेलला १५०० सीसीची. कंपनी पुण्याची की सोलची, हा प्रश्न त्यात कुठे येत नाही. खरी विदेशी बघायची असेल तर टेस्ला बघ. जुलै २०२५ मध्ये मुंबईत शोरूम उघडलं, गाडी शांघायहून तयार होऊन येते आणि किंमत साठ लाखांच्या घरात.

साठ लाख ऐकल्यावर टेस्लाचा विषय आमच्याकडे तिथेच संपला. भावाचा मुद्दा मात्र संपला नव्हता. त्याचं म्हणणं होतं की कारखाना कुठे आहे ते सोड, गाडी कुणी आखली ते बघ.

मामा : जोडणी कुणीही करील. डोकं कुणाचं लागलं ते महत्त्वाचं. १९९८ मध्ये इंडिका आली ती पुण्यात घडलेली गाडी होती. त्याआधी आपण दुसऱ्यांचे जुने साचे वापरत होतो. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट, आणि महिंद्रांची जीप म्हणजे मूळची विलीज.

भाची : इंडिकाच्या बाहेरच्या आकारावर इटलीतल्या तुरिनच्या स्टुडिओने काम केलं होतं, मामा. आणि पुढचं ऐक. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन एके काळी मारुती स्विफ्टमध्ये होतं, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये होतं आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटोमध्येही होतं. बॉनेट उघडून यातली देशी कुठली ते सांग. हॅरियरचं दोन लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं, आणि तिच्या सांगाड्याचं मूळ लँड रोव्हरमध्ये. टोयोटाची ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनो, पुढची जाळी आणि नाव तेवढं वेगळं. एमजी हे नाव इंग्लंडचं, मूळ कंपनी शांघायची, ३५ टक्के वाटा आपल्या जिंदालांच्या जेएसडब्ल्यूचा, आणि गाडी बनते हालोलला.

मामा : लँड रोव्हर टाटांचीच आहे. २००८ मध्ये फोर्डला २.३ अब्ज डॉलर मोजून जॅग्वारसकट घेतली. विकत घेतलं तरी ज्ञान आपलंच झालं.

भाची : मग सुझुकीकडून शिकलो ते आपलं का नाही झालं?

या प्रश्नावर मी थोडी थांबते, कारण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती गेली, तेव्हा कंपनीत सुझुकीचा वाटा २६ टक्के होता आणि बाकी बहुतेक सरकारचा. तेव्हा तिला कुणी जपानी म्हणालं नाही. ती देशाची गाडी होती. पुढे सुझुकीचा हिस्सा वाढत गेला, २००२ मध्ये निम्म्याच्या वर पोचला, आणि २००७ पर्यंत सरकार पूर्ण बाहेर पडलं. म्हणजे अंगणात उभी असलेली गाडी एक नटही न बदलता देशीची विदेशी झाली. त्या वर्षांत सुझुकीने इथल्या लहान कारखानदारांना जे शिकवलं, मोजमाप, वेळेवर माल देणं, दोष मुळाशी जाऊन शोधणं, ते मात्र इथेच राहिलं. आज देशी कंपन्याही त्याच कारखानदारांकडून माल घेतात. माझ्या मुलीच्या नोकरीचं मूळ तिथे आहे.

आणि आपलं-परकं हा प्रश्न चिंचणीला नवा तरी कुठे आहे? १९५५ मध्ये आमच्या गावात ताम्रपट सापडले. त्यातला एक इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यावरून कळतं की संजाणचा कारभार तेव्हा एका अरब माणसाकडे होता. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं येतं, म्हणजे मुहम्मद. त्याने इथल्या खाड्यांवर लोकांसाठी फुकट होड्या सुरू केल्या आणि संजाणला अन्नछत्र घातलं. राजाने त्याला नेमताना कुळ पाहिलं की काम, हे मला ठाऊक नाही. खाडी ओलांडणाऱ्यांना होडी मिळाली, एवढं ताम्रपटावर कोरलेलं आहे.

भावाला हे सांगितलं तेव्हा त्याने आपला खरा मुद्दा काढला. तो तारापूरचा आहे, आणि तो ऐकल्याशिवाय त्याचं देशीप्रेम समजणार नाही.

मामा : ताई, आमच्या केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्या इंधनासाठी अमेरिकेशी १९६३ मध्ये तीस वर्षांचा करार झाला होता. पुढे १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली आणि इंधनाला फाटे फुटायला लागले. १९७८ मध्ये तिकडे नवा कायदा आला आणि करार कागदावर राहिला. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं कबूल केलं. मी नोकरीला लागलो तेव्हा जुने लोक त्या दिवसांबद्दल बोलायचे. यंत्र आपल्या दारात, माणसं आपली, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. म्हणून तिसरी आणि चौथी अणुभट्टी आपण आखली, आपण बांधली. प्रत्येकी ५४० मेगावॉट. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये व्यापारी वीज द्यायला लागली. मी तिथे होतो. तेव्हापासून मला कुणी विदेशी चांगलं म्हणून सांगितलं की मी एकच विचारतो, उद्या त्यांनी हात वर केले तर?

भाची : अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतली घरं उठली त्या अणुभट्ट्यांसाठी, हेही सांग.

मामा : सांगतो ना. उठलीच. आपलं म्हणून काही उभं करायचं तर त्याची किंमतही आपल्यातलेच कुणी मोजतात, हे मी कधी लपवलेलं नाही.

भाची : आणि अमेरिकन अणुभट्ट्या पन्नास वर्षं चालवल्या कुणी? तुम्हीच ना? तुम्ही त्या शिकून घेतल्यात म्हणून चालल्या.

दोघांचंही बरोबर होतं. पण गाडीच्या बाबतीत भावाचा "हात वर केले तर" हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटला, कारण तसं घडलं आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी भारतात शेव्हरोले विकणं थांबवलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, आणि त्यांचा साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. ज्यांच्या दारात त्या गाड्या होत्या, त्यांच्या गाडीची रीसेल किंमत एका बातमीने खाली आली. मुलीने लगेच आठवण करून दिली की अँबेसेडर तर हिंदुस्थान मोटर्सची, म्हणजे देशी कंपनीची, तीही २०१४ मध्ये बंद पडली. मान्य आहे. कंपनी टिकेल की नाही हे बिल्ल्यावरून कळत नाही. ती किती गाड्या विकते आणि तिचं सर्व्हिस सेंटर आपल्यापासून किती लांब आहे, यावरून थोडं कळतं.

म्हणून मी नाक्यावरच्या फिटरकडे गेले. कुठल्या गाडीचा सुटा भाग बोईसरला त्याच दिवशी मिळतो, कुठला मुंबईहून मागवावा लागतो आणि कुठल्यासाठी गाडी आठवडाभर उभी राहते, हे त्याला तोंडपाठ आहे. त्याने आणखी एक सांगितलं, जे शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे समुद्राचं खारं वारं घरात येतं. इथली गाडी वरून चकचकीत दिसली तरी दाराच्या खालच्या कडा, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या आधी गंजतात. तेव्हा गाडी घेताना खालून बघा, अंडरकोटिंग विचारा, आणि गंजावरची वॉरंटी किती वर्षांची आणि कशाकशावर आहे ते लेखी घ्या.

सुरक्षिततेवर दोघांचं जोरात वाजलं.

मामा : डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला पाच तारे पहिल्यांदाच. आणि २०१४ मध्ये स्विफ्टला किती? शून्य.

भाची : २०१४ च्या जानेवारीतली पहिली चाचणी आठव. अल्टो ८००, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो, फोक्सवॅगन पोलो आणि टाटा नॅनो, पाचही शून्य. जपानी, कोरियन, अमेरिकन, जर्मन, भारतीय, सगळे एका रांगेत. त्याच पोलोला दोन एअरबॅग लावून धडकवलं तेव्हा चार तारे मिळाले. म्हणजे चांगली गाडी बनवता येत होती, आपल्याला विकत नव्हते. पुढे ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना धडक चाचणीचा नियम लागला, २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या झाल्या, ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं. २०२२ मध्ये चाकणच्या कुशाक आणि टायगुनला पाच तारे आले, २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरलाही. हे बिल्ल्याने केलं नाही. नियम आले आणि गिऱ्हाइकं विचारायला लागली म्हणून झालं.

मामा : विचारायला लावलं कुणी? नेक्सॉनने.

भाची : त्याचं श्रेय घे. मी नाही म्हणत नाही.

माझं मत इथे मुलीकडे झुकतं, आणि त्याला आमच्या जिल्ह्यातली एक घटना कारण आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी मर्सिडीज होती. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, गेले. दोघांनीही सीटबेल्ट लावला नव्हता असं तपासात पुढे आलं. त्या पुलावरून आम्ही सगळे कितीदा जातो. मागच्या सीटवर पट्टा लावणं कायद्याने सक्तीचं आहे, पण आमच्याकडे लग्नाला निघालेल्या गाडीत मागे बसलेल्यांना पट्टा लावा म्हटलं की त्यांना तो अपमान वाटतो. तारे कितीही असोत, पट्टा लागला तरच ते कामाला येतात.

आता टेस्ट ड्राइव्हबद्दल, कारण माझा निर्णय तिथेच झाला.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह ठरलेली असते. रुंद, सरळ रस्ता, एक वळण, परत. सेल्समन मुलगा शेजारी बसतो आणि आधी गाणी लावतो. दाखवायला असते ती बहुधा सगळ्यांत वरची, टर्बो आणि ऑटोमॅटिक गाडी. घेणार असतो ती त्याच नावाची खालची, साधं इंजिन आणि हाताने गिअर टाकायची. म्हणजे चालवतो एक आणि पैसे भरतो दुसरीचे. हे मला मुलीने सांगितलं, आणि भावाने त्याला जोरात दुजोरा दिला. या एका गोष्टीवर दोघं पहिल्यापासून एकमताचे होते.

म्हणून आम्ही देशी आणि विदेशी, दोन्ही शोरूमना सांगितलं की जी घ्यायची तीच गाडी आणा, आणि चिंचणीला आणा. एकाने आढेवेढे घेतले, दुसऱ्याने आणली. आढेवेढे घेणाऱ्याकडे आम्हीच गेलो आणि त्यालाच गाडीत बसवून रस्ता ठरवला. गाणी बंद. माझ्या सासूबाई मागे, कारण गुडघा दुखणाऱ्या माणसाला दारातून आत-बाहेर करता येतं की नाही हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. एका गाडीचा उंबरा त्यांना जड गेला आणि दुसरीत त्या सहज बसल्या. पाचही जण बसलो आणि मग गतिरोधकावरून नेली. रिकामी गाडी जिथून सुखाने जाते तिथे भरलेली खाली घासते, आणि आमच्या रस्त्यावर गतिरोधकांना तोटा नाही. पुढे बोईसरला एमआयडीसीच्या टँकर आणि ट्रकच्या रांगेत क्लच किती दमवतो ते कळलं. तिथून चिल्हार फाट्याकडे, कारण हायवेला लागताना अहमदाबादकडच्या भरधाव गाड्यांमध्ये शिरायला इंजिन साथ देतं का हे तिथेच समजतं. एसी पूर्ण लावून, पाच माणसं घेऊन.

परतताना अंधार पडलेला होता. समोरच्या ट्रकचा दिवा डोळ्यात येत असताना आपल्या गाडीचा दिवा कडेचा सायकलवाला दाखवतो की नाही, हे मला दिवसा कधीच कळलं नसतं. एका गाडीच्या पुढच्या काचेशेजारचा खांब इतका जाड होता की वळणावर पायी चालणारा माणूस त्याच्याआड जात होता. ती गाडी भावाच्या आवडीची होती.

मामा : उंच माणसाला दिसतो. ताई, तू सीट वर घे.

मी : घेतली. तरी दिसत नाही.

मामा : मग ही नको.

मला त्याचं हे बोलणं फार आवडलं. आयुष्यभर अणुभट्टीवर काम केलेला माणूस आहे, यंत्रात दोष दिसला की त्याला झेंडा आठवत नाही. आणि मुलीच्या आवडीची कोरियन गाडी सर्व्हिस सेंटरचं अंतर आणि मागची सीट या दोन बाबतींत कमी पडली तेव्हा तिनेही हट्ट धरला नाही. किनाऱ्यावर गाडी न्यायची कल्पना सेल्समनच्या डोक्यात होती, फोटो छान येतो म्हणे. ती आम्ही तिघांनी एका आवाजात नाकारली. आमच्या वाळूत भरतीच्या वेळी रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्या आम्ही ट्रॅक्टरने ओढताना पाहिल्या आहेत.

शेवटी मी देशी कंपनीची गाडी घेतली, भावाने आधी सुचवलेली नव्हे, त्याच कंपनीची दुसरी. ती देशी आहे म्हणून यादीत वर नव्हती. आमच्या रस्त्यावर ती दुसऱ्या एका गाडीच्या बरोबरीने उतरली, आणि बरोबरी झाल्यावर मी भावाचं ऐकलं. दोन गाड्या सारख्याच ठरल्या तर जिची आखणी इथल्या इंजिनिअरांनी केली तिला पैसे द्यावेत, असं माझं मत आहे. पण बरोबरी आधी रस्त्यावर व्हावी लागते. कमी पडणाऱ्या गाडीला देशी म्हणून माफ केलं तर २०१४ च्या त्या शून्यावर परत जायला वेळ लागणार नाही.

पालघर, बोईसर आणि डहाणूच्या शोरूमवाल्यांना माझी विनंती आहे. गिऱ्हाइकाला त्याच्या गावच्या रस्त्यावर, तो घेणार असेल त्याच मॉडेलची, घरातली माणसं बसवून टेस्ट ड्राइव्ह द्या. आणि वाचणाऱ्यांनो, ती मिळेपर्यंत बुकिंगचे पैसे देऊ नका. तारे कुठल्या वर्षीच्या आणि कुठल्या मॉडेलच्या चाचणीचे आहेत ते विचारा, आणि गाडी दारात आल्यावर मागे बसणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून पट्टा लावायला सांगा.